यादीत नसलेली वाइन

वाइन लिस्ट बदलली होती. वेटरने ती अप्पांच्या पुढ्यात ठेवली आणि नलूच्या ते लगेच लक्षात आलं. मंगळवारी ती एकटीच येऊन जी यादी पाहून गेली होती, ती म्हणजे लाकडी फळीला चिमट्याने लावलेला एकच कागद होता, पाठपोट छापलेला. ही तपकिरी पुठ्ठ्यांची होती, लग्नाच्या अल्बमसारखी जाड. नलूने पदर सावरायचं निमित्त करून मान तिरकी केली आणि अप्पांच्या हातातलं पान वाचलं. पांढऱ्या वाइन संपून लाल सुरू होतात तिथलं दुसरं नाव, जे तिने पाच दिवस सकाळ-संध्याकाळ त्यांच्याकडून घोकून घेतलं होतं, तिथे नव्हतं. वर नव्हतं, खाली नव्हतं, शेजारच्या पानावरही नव्हतं. अप्पा यादी व्यवस्थित धरून बसले होते, सरळ, सुलटी. चष्मा नाकावर खाली घसरलेला, ओठ किंचित पुढे. कुणीही म्हणालं असतं की हा माणूस निवड करतोय. चौतीस वर्षं त्यांनी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका इटालियन बोट कंपनीच्या ऑफिसात काढली होती, आणि कागद हातात आला की माणसाने कसं दिसायचं असतं, हे त्यांचं शरीर अजून विसरलं नव्हतं.

“घ्या अप्पा, तुमचं डिपार्टमेंट,” समोरून दोघांचा मुलगा सिद्धार्थ म्हणाला. “मी तिकडे कुठेही गेलो ना, वाइन लिस्ट आली की मला तुम्ही दिसता. मानसीला विचारा.”

“दर वेळी सांगतो,” त्याची बायको मानसी म्हणाली. “तो कॅप्टन, ती बाटली, सगळं.”

“बरोबर आहे,” अप्पा म्हणाले.

हे त्यांच्या पाच वाक्यांपैकी एक होतं. बरोबर आहे. बघू या. तुमचं काय म्हणणं? आता वय झालं. मजेत. गेल्या दोन वर्षांत त्यांची बाकीची वाक्यं एकेक करून गळून गेली होती, पण ही पाच घट्ट उरली होती, आणि नलूला शोध लागला होता की शिवाजी पार्कात तेवढ्यावर माणसाचं उत्तम चालतं. कट्ट्यावरचे निवृत्त लोक तासभर बोलत, अप्पा मधूनमधून पाचातलं एक वाक्य टाकत, आणि मंडळी म्हणत, अप्पांसारखा ऐकून घेणारा माणूस नाही. रविवारी टोरांटोहून सिद्धार्थचा व्हिडिओ कॉल आला की ती फोनच्या मागे पाटी धरून बसायची, तिच्यावर मोठ्या अक्षरांत नातीबद्दलचा प्रश्न लिहिलेला, ‘उर्वीची शाळा कशी आहे?’ अप्पा वाचायचे. वाचणं शाबूत होतं, वाचलेलं कुठे पोचत नव्हतं. दहा मिनिटं झाली की ती नेटवर्कला नावं ठेवून फोन बंद करायची. मुलींच्या शाळेत अठ्ठावीस वर्षं इतिहास शिकवल्यामुळे परीक्षेपुरतं पाठ करून घेणं तिला जमत होतं. ज्या मुलींना प्लासी आणि पानिपत यांतला फरक कळत नसे, त्याही तिच्या हाताखाली पस्तीस मार्कांना पास होत. अप्पांनाही पस्तीसच हवे होते. आजचा तासभर, एवढाच पेपर होता. परवा रात्रीच्या विमानाने ही मंडळी परत जाणार होती.

मानसीच्या भावाच्या लग्नासाठी ते आठ दिवस आले होते आणि तिच्या माहेरी पार्ल्याला उतरले होते, कारण नलूने फोनवर सांगितलं होतं की बाथरूमचं काम काढलंय. ते खोटं पडू नये म्हणून तिने खरंच माणूस बोलावून लाद्या उखडून घेतल्या होत्या. आठ दिवस ती आणि अप्पा स्वयंपाकघराच्या मोरीत अंघोळ करत होते. अप्पांना त्या अरुंद जागेत बसवताना तिचा खांदा भरून आला होता. एकदा मंडळी घरी येऊन गेली तेव्हा तिने दुपारी अडीचची वेळ दिली. अप्पा झोपलेले. सिद्धार्थने दारातून पाहिलं आणि कुजबुजत म्हणाला, “किती शांत झोपतात गं.” पण टोरांटोहून विमानात बसण्याआधी तो फोनवर एक वाक्य बोलला होता, ते तिच्या डोक्यातून जात नव्हतं. “आई, अप्पा हल्ली फोनवर फारच कमी बोलतात. आलो की बघतो.” बघतो म्हणजे काय, ते तिला माहीत होतं. शीवला तिच्या थोरल्या बहिणीच्या घरी असंच बघितलं गेलं होतं. दोन्ही मुलं परदेशातून आली, एका हॉटेलात सगळे जेवले, जेवताना भाऊजींनी सूप म्हणून हात धुवायच्या वाटीतलं लिंबाचं पाणी पिऊन टाकलं, आणि आठवड्याच्या आत त्यांना कर्जतच्या बाजूला एका केंद्रात ठेवलं. बाग होती, चोवीस तास नर्स होती. नलू महिन्याने भेटायला गेली तेव्हा भाऊजींचे केस बारीक कापलेले होते आणि अंगात दुसऱ्या कुणाचा तरी सदरा होता. खांद्यावरून ओघळणारा, खिशावर दुसऱ्याच्या पेनाचा निळा डाग. आयुष्यभर कडक इस्त्रीशिवाय खाली न उतरलेला माणूस त्या डागावरून अंगठा फिरवत बसला होता. पुढे ते गेले, तो निरोप तिला जड गेला नाही. तो सदरा जड गेला.

वेटर वही घेऊन उभा होता. चाळिशीचा, चष्मेवाला, काळा एप्रन लावलेला गृहस्थ. अप्पांनी पान उलटलं, परत सुलटलं. नलूने त्यांच्याकडे न पाहता टेबलाखाली त्यांच्या गुडघ्यावर दोनदा बोट टेकवलं, ठरल्याप्रमाणे. तिला वाटलं, न टेकवावं, आता ते नावच नाही, गप्प बसू द्यावं, आपणच काहीतरी बोलावं. पण बोट टेकून गेलं होतं.

“मोन्तेपुल्चानो,” अप्पा म्हणाले.

अगदी स्वच्छ. मधल्या ‘चा’वर नेमका तेवढाच भार देऊन. पहिल्या दिवशी तिने मोबाइलमधल्या फोटोवरून ते नाव ‘मोंटेपुल्सियानो’ असं वाचून दाखवलं होतं, तेव्हा अप्पांनी मान वर करून, नाराजीने, जुन्या आवाजात तिला दुरुस्त केलं होतं: “मोन्तेपुल्चानो, नलू.” ती पलंगावर तशीच बसून राहिली होती. दोन वर्षांत त्यांनी तिला नावाने हाक मारली नव्हती. तिने घाईघाईने विचारलं, “काय असतं ते? सांगा ना. काय असतं?” त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, “मजेत.” पण तिला चटक लागली. ती मुद्दाम चुकीचं म्हणायची. मोंटेपुल्सियानो. मोंटीपुलसानो. दर वेळी ते दुरुस्त करतील, शेवटी नलू म्हणतील, या आशेने सकाळ-संध्याकाळ. दुरुस्त त्यांनी दर वेळी केलं. शेवटचा शब्द पुन्हा आला नाही.

“वा!” सिद्धार्थ म्हणाला. “काय उच्चार आहे बघ मानसी. अकरा वर्षं तिकडे काढून मला जमत नाही.”

“सॉरी सर,” वेटर वाकून म्हणाला. “ते आता नाहीये आपल्याकडे. कालपासून नवीन लिस्ट आहे.”

“मोन्तेपुल्चानो,” अप्पा म्हणाले.

“हो सर, पण ते बंद केलं.”

“मोन्तेपुल्चानो.”

तिसऱ्यांदा ते अगदी त्याच पट्टीत आलं, तेवढाच भार, तेवढाच थांबा. नलूने पाण्याचा ग्लास उचलला आणि तो ओठाला लागेपर्यंत तिने मानसीला अप्पांकडे बघताना पाहिलं. मानसी हॉस्पिटलात नव्हती की डॉक्टर नव्हती, इन्शुरन्समध्ये होती; पण ती बारकाईने बघत होती, खोट्या क्लेमची फाइल वाचावी तशी. “तुझ्या सासऱ्यांना हवं तेच हवं असतं,” नलू हसत म्हणाली. आपला आवाज तिला वर्गातल्यासारखा उंच वाटला. “तुमच्याकडे त्याच जातीचं दुसरं नाही का हो काही?” हे तिने वेटरला विचारलं, आणि आपण आयुष्यात पहिल्यांदाच वाइनबद्दल प्रश्न विचारतोय, हे विचारून झाल्यावर तिला कळलं.

“आहे ना मॅडम. त्याच बाजूची आहे. सरांना मी टेस्ट करायला आणतो थोडी. आवडली तर बाटली उघडू.” आणि तो गेला.

यादी उघडीच राहिली होती. नलूने ती स्वतःकडे ओढली. अप्पांच्या हातून काढून घेताना त्यांनी ती सोडली नाही, मग सोडली. प्रत्येक नावाखाली बारीक तिरक्या अक्षरांत वासांचं वर्णन होतं. काळी चेरी. ओली माती. चामडं. तंबाखूचं पान, जुनी लाकडी पेटी, दूर कुठेतरी धूर. ती एकेक ओळ वाचत गेली. ही यादी कुणी लिहिली असेल त्याला घरी न्यावं आणि दारातून आत सोडावं, असं तिला वाटलं. त्याने नाक वर करून लिहावं: डेटॉल. वाळत घातलेली गादी. कालचं दूध. ओडोमॉस. पावडरखाली, बऱ्याच खाली, म्हातारा माणूस. अप्पांचं नाक सगळ्यात आधी गेलं होतं, आठवणींच्याही आधी. एका सकाळी ते बाजारातून बोंबील घेऊन आले ते इतके उतरलेले की शेजारची प्रीती दार उघडून बाहेर आली. अप्पा पिशवी धरून जिन्यात उभे. “ताजे आहेत,” म्हणाले. माशाचे कल्ले न उघडता नुसत्या वासावर सौदा सोडून देणारा माणूस. लग्नानंतर गिरगावातल्या त्यांच्या मोठ्या घरी ती आली तेव्हा सासूबाई म्हणाल्या होत्या, “आमच्या परभूंच्या घरात स्वयंपाक बायका करतात, पण वास पुरुष घेतात हो.” नाताळात बोट कंपनीचा कॅप्टन ऑफिसातल्या लोकांना एकेक बाटली द्यायचा. अप्पा ती बाटली पेपरात गुंडाळून आणत, काचेच्या ग्लासात चार थेंब ओतत आणि ग्लास नाकाशी धरून डोळे मिटत. सिद्धार्थ तेव्हा सहा-सात वर्षांचा. तोही डोळे मिटायचा. “काय येतंय, सांग.” “जांभूळ.” “अजून?” “अजून... आजीचं कपाट.” अप्पा इतके खूश व्हायचे. म्हणायचे, नलू, याचं नाक माझं आहे. तिला स्वतःला त्या ग्लासात फक्त आंबलेलं काहीतरी यायचं, पण ती हो म्हणायची. तिचं काम तेव्हाही हो म्हणायचं होतं.

त्या जुन्या आठवणीतून तिला बाहेर यायचं नव्हतं, पण वेटर परत आला. त्याच्या हातात पोटात रुंद असलेला मोठा ग्लास होता. त्याने तो अप्पांसमोर ठेवला, बाटली पांढऱ्या फडक्यात धरली, लेबल अप्पांना दाखवलं आणि कमरेतून वाकून, एक हात पाठीमागे घेऊन, ग्लासाच्या तळाशी पळीभर लाल वाइन ओतली. “घ्या सर,” तो हळू आवाजात म्हणाला आणि अदबीने मागे सरकून थांबला. सगळे अप्पांकडे पाहू लागले. टेबलावरचं बोलणं थांबलं. उर्वीनेसुद्धा हातातला ब्रेड खाली ठेवला.

अप्पांनी ग्लासाकडे पाहिलं. मग वाकून उभ्या असलेल्या वेटरकडे, मग त्या शांत बसलेल्या माणसांकडे. त्यांच्या चेहऱ्यावरचा ताण एकदम उतरला. आपण कुठे आहोत, इथे काय करायचं असतं, ते त्यांना अखेर सापडलं होतं. त्यांनी पायातल्या चपला टेबलाखाली सोडल्या; नलूला त्यांचा आवाज आला. डाव्या हाताने ग्लास उचलला, उजव्या हाताचा तळवा खोलगट केला, वाइन त्याच्यात ओतून घेतली, मान झुकवून एका घोटात प्याले, आणि ओला तळवा कपाळावरून मागे, पांढऱ्या केसांतून मानेपर्यंत फिरवला. मग डोळे मिटून क्षणभर बसले. एक लाल ओघळ कानामागून निघाला आणि कॉलरच्या इस्त्रीत शिरला.

नलूच्या डोळ्यांसमोर तो सदरा आला, खिशावरच्या निळ्या डागासकट. संपलं, असं तिच्या मनात अगदी शांतपणे आलं. त्या शब्दाबरोबर तिचा आठ दिवस ठणकणारा खांदा सैल पडला. संपलं तर संपलं.

आणि सिद्धार्थ हसला. आधी नाकातून, मग टेबलावर हात आपटून. “अप्पा! काय पण! काय टायमिंग आहे! तो बिचारा एवढा वाकून उभा, आणि हे तीर्थ घेतायत!” वेटरही हसला, सुटल्यासारखा. पलीकडच्या टेबलावरचं जोडपं हसलं. उर्वी खुर्चीवर गुडघे टेकून ओरडली, “आजोबा, अगेन! परत करा ना!” सिद्धार्थने फोन काढला. “थांबा, थांबा. अप्पा, एकदा परत. हे ग्रुपवर टाकलंच पाहिजे. अहो, अजून थोडी द्या ना सरांना.” वेटरने पुन्हा पळीभर ओतली. अप्पांनी सगळं पुन्हा पहिल्यापासून केलं, तितक्याच भक्तीने. तळवा, घोट, कपाळ, केस. सगळे हसतायत हे पाहून तेही हसले. नलू हसली. तिने हसावं लागेल म्हणून तोंड उघडलं आणि हसू खरंच आलं, बराच वेळ थांबेना, डोळ्यांतून पाणी आलं, आणि मानसीने तिच्यापुढे रुमाल सरकवला.

“आई, तुला खरं सांगू?” सिद्धार्थ डोळे पुसत, फोनवरचं चित्र बघत म्हणाला. “मी जाम घाबरलो होतो. सहा महिने ही माझ्या मागे लागलीय, अप्पांचं काहीतरी बिनसलंय, फोनवर तीच तीच वाक्यं बोलतात म्हणून. मी ऑफिसात बोलूनसुद्धा ठेवलं होतं. इथे लोअर परळला आमचं युनिट आहे, तिकडे बदली मागितली. मिळत होती. परवा आम्ही परळला एक फ्लॅटपण पाहून आलो, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हा दोघांना घेऊन एकत्र राहायचं असं चाललं होतं डोक्यात. अप्पांना एकट्या आईवर कसं टाकायचं?” तो मोकळेपणाने हसला. “आणि इथे बघतो तर हा माणूस माझ्यापेक्षा फिट! उद्या सकाळीच कळवून टाकतो त्यांना, नको म्हणून. उर्वीची शाळा सोडायची माझ्या जिवावर आली होती.”

बाहेरच्या फुटपाथवरून क्रिकेटची किट पाठीवर घेतलेली मुलं ओळीने मैदानाकडे जात होती. नलू त्यांच्याकडे बघत राहिली. दोन वर्षं ती एका दारावर पाठ लावून उभी होती. पलीकडून कोण ढकलतंय हे तिने एकदाही डोकावून पाहिलं नव्हतं. परळचा फ्लॅट. त्याला गॅलरी असेल का, असा प्रश्न तिच्या मनात आला, आणि बाथरूम मोठं असेल का. खुर्ची ठेवून अंघोळ घालता येईल एवढं. एक वाक्य पुरेसं होतं. सिद्धार्थ, ती मस्करी नव्हती. चार शब्द. तिने अठ्ठावीस वर्षं याहून अवघड वाक्यं फळ्यावर लिहिली होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. तो तोच व्हिडिओ चौथ्यांदा लावून उर्वीला दाखवत होता, मान मागे टाकून हसत होता, आणि त्याच्या बोटाखाली एवढेसे अप्पा डोक्यावरून हात फिरवत होते, पुन्हा, पुन्हा. ते चार शब्द उच्चारले की तो व्हिडिओ तोच राहिला नसता. त्याने पुसून टाकला असता तरी त्यातलं त्याचं स्वतःचं हसणं त्याला जन्मभर ऐकू आलं असतं. पाच वर्षांनी, दहा वर्षांनी, मध्येच कधीतरी जेवताना. तिचा मुलगा कसा आहे, ते तिला ठाऊक होतं. परीक्षेत नापास झालेल्या मित्राला हसला म्हणून आठवडाभर न जेवलेला मुलगा.

तिने मानसीकडे पाहिलं. मानसी हसत नव्हती. ती अप्पांच्या पायांकडे बघत होती, टेबलाखाली, जिथे सोडलेल्या चपलांशेजारी त्यांची पावलं जोडून ठेवलेली होती. मग तिने मान वर केली आणि दोघींची नजर मिळाली. कळलं होतं. सगळं कळलं होतं, आणि आपल्याला कळल्याचं सासूला कळलंय, हेही. नलूला वाटलं, हीच बोलेल. बोल बाई. तुझं हसणं त्यात नाही. मानसीने नॅपकिनचं टोक पाण्यात बुडवलं, उठून अप्पांच्या कानामागचा लाल ओघळ हलक्या हाताने टिपला, कॉलर नीट केली, आणि जाग्यावर बसत नवऱ्याला म्हणाली, “हो ना. उगाच काळजी केली मी.” तिचा आवाज प्रेमळ होता. खोटा म्हणता आला नसता. नलूला तिचा रागही आला नाही. तिच्या जागी आपण काय केलं असतं, हा प्रश्न तिने मनात येऊ दिला आणि उत्तराची वाट पाहिली नाही.

ग्लासात अजून थोडी उरली होती. अप्पा ग्लास घेऊन तिच्याकडे वळले. त्यांची नजर तिच्या चेहऱ्यावर आली, सौजन्याने थांबली. रांगेत शेजारी उभ्या असलेल्या परक्या बाईकडे भला माणूस बघतो तशी.

“तुम्हाला मिळालं नाही वाटतं, बाई,” ते म्हणाले. पाचांतलं नसलेलं, नवं, अख्खं वाक्य. “हात करा पुढे. डावा हात खाली घ्या, सांडतं.”

“बाई!” सिद्धार्थ ओरडला. “मानलं अप्पा! आई, कर गं हात. थांब, व्हिडिओ...”

नलूने उजवा हात पुढे केला, डावा त्याच्याखाली घेतला. अप्पांनी ग्लास सावकाश कलता केला. ती प्यायली. तिला पूर्वी यायचं तेच आलं, आंबलेलं काहीतरी. ओला तळवा तिने केसांवरून फिरवला आणि फोनकडे बघून हसली.

“मग सर, हीच उघडू ना?” वेटरने विचारलं.

अप्पांनी वळून नलूकडे पाहिलं नाही. ते खिडकीकडे बघत होते. वेटर थांबला होता, सिद्धार्थ फोन खाली ठेवत होता, मानसी यादी मिटत होती.

“हो,” नलू म्हणाली. “छान आहे. हीच उघडा.”